विशेष परिणामांसाठी स्वतःचे ब्रश तयार करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, ढोल-ताशा पथकांची पोस्टर, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि नाटकांच्या जाहिराती करणाऱ्या चित्रकारांकडून व विद्यार्थ्यांकडून संगणकावरील ब्रशविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आज्ञांची नावे फोटोशॉप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमधील आहेत. गिंप, क्रिता किंवा प्रोक्रिएट या अशाच इतर सॉफ्टवेअरमध्ये पद्धत वेगळी असेल, तेथे तसे नमूद केले आहे.

ब्रश तयार करणे म्हणजे नेमके काय?

ब्रशच्या दोन बाजू असतात. पहिली बाजू टोकाची. टोक ही एक करडी प्रतिमा असते. तिच्यातील काळ्या भागातून रंग पूर्ण उमटतो, पांढऱ्या भागातून अजिबात उमटत नाही आणि मधल्या करड्या छटांतून त्यांच्या गडदपणाच्या प्रमाणात उमटतो. दुसरी बाजू नियमांची. हे टोक किती अंतराने उमटावे, दर वेळी किती लहान-मोठे व्हावे, किती फिरावे, हात ज्या रेषेवरून गेला तिच्यापासून किती दूर पडावे आणि पेनाच्या दाबानुसार कसे बदलावे, हे सर्व नियम ‘ब्रश सेटिंग्ज’ या पॅनेलमध्ये ठरतात. फंक्शनची पाचवी कळ दाबली की ते उघडते. पडद्यावर जी सलग रेघ दिसते, ती प्रत्यक्षात एकमेकांवर चढलेल्या ठशांची रांग असते.

नवीन शिकणारे बहुतेक जण सगळी मेहनत टोकावर करतात आणि नियमांकडे पाहतच नाहीत. त्यामुळे पूर्ण ढग, पूर्ण झाड किंवा धुराचा पूर्ण लोट टोकात कोंबला जातो, आणि हाती येतो तो ब्रश नसून रबरी शिक्का असतो. आमच्या मते टोकात परिणामाचा सर्वांत लहान घटक असावा, म्हणजे गुलालाचे चार कण, पावसाची एक रेघ किंवा धुक्याचा एक विरळ पुंजका, आणि उरलेले काम नियमांवर सोपवावे. पुढील बहुतेक उत्तरे याच एका सूत्राचा विस्तार आहेत.

इंटरनेटवर हजारो ब्रश फुकट मिळत असताना स्वतःचे करण्याचा खटाटोप कशासाठी?

कारण ते सर्वांनाच मिळतात. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावरून अलका चौकापर्यंत फलक पाहत चालत गेले, तर एकच शाईचा शिंतोडा आणि एकच धुराचे वलय वेगवेगळ्या मंडळांच्या फलकांवर ओळखू येते, कधी सरळ तर कधी उलटे करून लावलेले. शिवाय तयार संचातील पाऊस, धूळ किंवा पाने कोठल्या तरी दुसऱ्याच हवेतील असतात. मेपलची पाने उडवणारा ब्रश चतुःशृंगीच्या जत्रेच्या चित्रात कितीही कौशल्याने वापरला, तरी तो परकाच दिसतो.

तयार ब्रश अजिबात वापरू नयेत, असा याचा अर्थ नाही. कोळसा, पेन्सिल, तैलरंग यांचे उत्तम संच उपलब्ध आहेत आणि ते नव्याने घडवण्यात वेळ घालवणे शहाणपणाचे नाही. त्या संचातील एखादा आवडलेला ब्रश उघडून त्याचे नियम वाचणे, हा मात्र शिकण्याचा फार चांगला मार्ग आहे.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

जे हाताशी असेल ते. फोटोशॉपमधील ब्रशची आजची रचना मुख्यतः २००२ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत रूढ झाली आणि आकार, विखुरणे, पोत, दुहेरी ब्रश ही विभागणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर शिकलेलेही वाया जात नाही. गिंप आणि क्रिता ही दोन्ही मोफत आणि मुक्त आहेत. निव्वळ रंगकाम करायचे असेल तर क्रिता अधिक सोयीचे वाटते, कारण त्यात फवारा, केसाळ कुंचला, रंग फासणारा कुंचला अशी वेगवेगळी ब्रश-यंत्रणाच दिलेली आहे. प्रोक्रिएट आयपॅडवर चालते आणि त्यात ब्रश घडवण्यासाठी स्वतंत्र दालन आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. फोटोशॉपच्या एका ब्रशमध्ये एकच टोक असते; दुहेरी ब्रशची सोय वापरली तर त्यात दुसरे मिसळता येते. गिंपच्या जीआयएच प्रकारच्या फाइलमध्ये अनेक टोके एकत्र ठेवता येतात आणि ती क्रमाने, दिशेनुसार, दाबानुसार किंवा यादृच्छिक रीतीने उमटवता येतात. पाने, पाकळ्या, अक्षता अशा गोष्टींसाठी ही सोय फार उपयोगी आहे.

टोकाची प्रतिमा किती मोठी असावी?

ब्रश लहान करून वापरला तर सहसा बिघडत नाही. मूळ आकारापेक्षा मोठा केला की कडा मऊ पडतात. म्हणून काम कोठे छापले जाणार आहे, ते आधी पाहावे. ए-४ आकाराचे मुखपृष्ठ ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल होते. त्यावर वापरायच्या कणांच्या ब्रशला ४०० ते ८०० पिक्सेल पुष्कळ झाले. धुक्यासारख्या मोठ्या ब्रशला १५०० ते २००० घ्यावेत. फोटोशॉपमध्ये ब्रशचा व्यास ५००० पिक्सेलपर्यंत नेता येतो, परंतु तेवढा मोठा ब्रश ओढताना साधारण संगणकाची दमछाक होते. मोठे फ्लेक्स लांबून पाहायचे असल्याने तेथे कमी रिझोल्यूशन चालते, म्हणून केवळ फलक मोठा आहे या कारणाने ब्रश मोठा करण्याची गरज नसते.

उधळलेल्या गुलालाचा ब्रश कसा करावा?

हा प्रश्न श्रावण लागला की सर्वाधिक येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

गुलाल उधळल्याचे एखादे छायाचित्र मोठे करून नीट पाहिले, तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे सुटे कण आणि गुठळ्या, ज्या हातातून निघून वर जातात आणि लगेच खाली येऊ लागतात. दुसरी म्हणजे बारीक धुरळा, जो हवेत तरंगत राहतो, पथकातील वादकांच्या पाठीमागे पसरतो आणि मागची गर्दी फिकी करतो. या दोन गोष्टींना दोन ब्रश लागतात. एकाच ब्रशमध्ये दोन्ही आणण्याच्या प्रयत्नात धड कण दिसत नाहीत आणि धड धुरळाही दिसत नाही.

कणांच्या टोकासाठी अप्पा बळवंत चौकातील कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डपेपर आणावा. तो खिडकीजवळ सपाट ठेवून त्यावर चहाच्या गाळण्यातून पांढरी रांगोळी भुरभुरावी. गुलालापेक्षा रांगोळी घेणे बरे, कारण तिचे दाणे जाड, पांढरे आणि काळ्या कागदावर स्पष्ट उठून दिसणारे असतात. काही ठिकाणी चिमटीने थोडी जास्त टाकावी, म्हणजे गुठळ्याही मिळतील. फ्लॅश न वापरता मोबाइल कागदाच्या बरोबर वर, समांतर धरून छायाचित्र घ्यावे.

हे छायाचित्र उघडून आधी त्यातील रंग काढून टाकावा आणि कंट्रोल व ‘आय’ या कळांनी ते उलट करावे. आता पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे कण दिसतील. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ‘लेव्हल्स’ (उजळ-गडद छटा बदलण्याची आज्ञा) उघडून पांढऱ्या टोकाची सरकपट्टी डावीकडे आणत जावी, जोपर्यंत कागदाचा भाग पूर्ण पांढरा, म्हणजे २५५ या मूल्याचा होत नाही. डोळ्याला पांढरा दिसणारा भाग बहुतेक वेळा २४० किंवा २४५ असतो. तो तसाच राहिला तर ब्रश फिरवल्यावर प्रत्येक ठशाभोवती फिकट चौकोन उमटतो, आणि दहा ठसे एकमेकांवर पडले की तो चौकोन लपवता येत नाही. ऑल्ट कळ दाबून धरून सरकपट्टी हलवली की कोणता भाग पूर्ण पांढरा झाला आहे, ते पडद्यावर वेगळे दाखवले जाते. ही सवय लावून घ्यावी.

आता संपूर्ण छायाचित्राचा ब्रश करण्याचा मोह टाळावा. चार ते सहा कणांचा, शक्यतो एखादी गुठळी असलेला एक लहान पुंजका निवडावा, निवडीच्या कडेला अर्धवट कापले गेलेले कण पांढऱ्या रंगाने पुसावेत आणि ‘एडिट’ मेनूतील ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’ ही आज्ञा द्यावी. शंभर कण असलेले टोक दुसऱ्यांदा उमटले की डोळा त्यातील रचना ओळखतो. पाच कणांचे टोक फिरून, लहान-मोठे होऊन दोनशे वेळा उमटले, तरी ओळखू येत नाही.

नियम सुरुवातीला असे ठेवून पाहावेत : स्पेसिंग (दोन ठशांमधील अंतर) १०० टक्क्यांच्या आसपास, आकाराचा जिटर (दर ठशाला आपोआप होणारा बदल) ८० टक्के, कोनाचा जिटर १०० टक्के, स्कॅटरिंग (विखुरणे) दोन्ही अक्षांवर ३०० ते ४०० टक्के, काउंट (एका जागी उमटणारे ठसे) २, आणि ‘ट्रान्स्फर’मध्ये ओपॅसिटीचा (अपारदर्शकतेचा) जिटर ५० टक्के. पेन टॅब्लेट असेल तर आकार दाबाला जोडू नये, विखुरणे दाबाला जोडावे. मग जोर दिला की कण दूर उडतात आणि हात हलका केला की रेषेजवळ राहतात. हात मात्र उधळणाऱ्याच्या तळव्यापासून बाहेर, कमानीसारखा न्यावा.

धुरळ्यासाठी ५०० ते ६०० पिक्सेलचा मऊ गोल ब्रश घेऊन त्याने पांढऱ्या कागदावर काळ्या रंगाचे काही विरळ, असमान ठिपके द्यावेत आणि त्या पुंजक्याचा ब्रश करावा. फ्लो (प्रत्येक ठशातून पडणारा रंग) ५ ते १० टक्के, कोनाचा जिटर १०० टक्के, विखुरणे थोडे. हा ब्रश एका लेअरवर (चित्राच्या स्वतंत्र थरावर) माणसांच्या मागे आणि दुसऱ्या लेअरवर, अगदी थोडा, त्यांच्या पुढे वापरावा. सगळा गुलाल माणसांच्या पुढे रंगवलेला असला की तो छायाचित्रावर नंतर टाकल्यासारखा दिसतो. खांद्यावर, भुवयांवर आणि ढोलाच्या कडीवर लहान आकाराच्या कण-ब्रशने दोन-चार ठिपके दिले, की उधळण त्या जागी घडल्यासारखी वाटते.

पडद्यावर झळझळीत दिसणारा गुलाबी रंग छपाईत मेल्यासारखा का दिसतो?

गुलालाचा तो प्रखर गुलाबी रंग पडद्यावर प्रकाशाने तयार होतो. चार शाईंच्या ऑफसेट छपाईत त्यातील पुष्कळ भाग बसत नाही. फुलबाजीच्या नारिंगी ठिणग्यांचेही तेच होते. काम आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) करावे, परंतु कंट्रोल व ‘वाय’ या कळांनी छपाईची पूर्वझलक मधूनमधून पाहत राहावे. रंग आणखी भडक करून काही साधत नाही. आजूबाजूचे रंग थोडे गडद व करडे केले, तर त्याच गुलाबीला छपाईत अधिक जोर येतो. हा ब्रशचा प्रश्न नाही, तरीही ब्रशला दोष दिला जातो, म्हणून येथे घेतला आहे.

पावसाचा ब्रश केला, पण पाऊस पडद्यावरच्या ओरखड्यांसारखा दिसतो. काय चुकते?

बहुतेक वेळा तीन गोष्टी चुकतात : रेघांची लांबी, त्यांची दिशा आणि त्यांची जागा.

छायाचित्रात पाऊस रेघेसारखा दिसतो, कारण शटर उघडे असताना थेंब खाली सरकतो. वळवाच्या पावसातील सुमारे ५ मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने पडतो. १/६० सेकंदाच्या शटरमध्ये तो साधारण १५ सेंटिमीटर अंतर कापतो. आषाढातील भुरभुरीचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला जेमतेम २ मीटर पडतो, म्हणून त्याच शटरमध्ये त्याची रेघ तीन-साडेतीन सेंटिमीटरचीच होते. शेजारी उभ्या माणसाच्या उंचीशी हे प्रमाण ताडून पाहावे. पालखीच्या चित्रात वारकऱ्यांवर भुरभुर हवी असताना हातभर लांबीच्या रेघा मारल्या, तर चित्रातला महिनाच बदलतो.

टोक अगदी साधे असते : पांढऱ्या कागदावर एक बारीक उभी रेघ, मधल्या करड्या छटेची, वरच्या टोकाला विरत गेलेली. स्पेसिंग २०० टक्के किंवा अधिक, स्कॅटरिंग ८०० ते १००० टक्के, आकाराचा जिटर ४० टक्के. कोनाच्या जिटरला मात्र १ टक्क्याच्या पुढे नेऊ नये. येथे १०० टक्के म्हणजे पूर्ण ३६० अंश, त्यामुळे १ टक्का म्हणजेच सुमारे साडेतीन अंश होतात. वाऱ्याने पाऊस तिरपा होतो, तरी सगळा जवळपास एकाच बाजूला तिरपा होतो. दर रेघेने वेगळी दिशा धरली की ओरखडे दिसू लागतात.

आता जागा. उजळ, ढगाळ आकाशावर पाऊस जवळजवळ दिसत नाही. तो दिसतो गडद झाडीपुढे, काळ्या छत्रीपुढे, रिक्षाच्या दिव्याच्या झोतात. लकडी पुलावरचे दृश्य असेल, तर आकाशावरचा पाऊस लेअर मास्कने (थराचा हवा तो भाग झाकण्याच्या सोयीने) जवळपास पुसून टाकावा आणि काठावरच्या झाडांपुढे तो ठेवावा. लांबचा, मधला आणि जवळचा असे तीन लेअर करावेत. लांबचा दाट, बारीक आणि फिका, तर जवळचा मोजक्या, मोठ्या आणि थोड्या धूसर रेघांचा असावा. रस्त्यावर फुटणाऱ्या थेंबांसाठी वेगळा लहान ब्रश लागतो, कारण पाऊस खरा वाटतो तो बहुधा जमिनीवर.

सिंहगडावरचे धुके कसे आणावे?

गुलालाच्या धुरळ्याचाच ब्रश मोठा करून, फ्लो २ ते ४ टक्क्यांवर आणून वापरता येतो. रंग शुद्ध पांढरा घेऊ नये. त्याच चित्रातील आकाशातून उचलावा, कारण धुक्याला आकाशाचाच रंग असतो. धुके म्हणजे वर ठेवलेला पांढरा पदार्थ नसून लांबच्या वस्तूंचा उठाव कमी होणे आहे, हे ध्यानात घेऊन डोंगराची प्रत्येक सोंड वेगळ्या लेअरवर घ्यावी आणि दोन सोंडांच्या मध्ये धुक्याचा लेअर ठेवावा. खोऱ्यात दाट, कड्याच्या माथ्याशी विरळ, इतके पाळले तरी पुरते.

फुलबाजीच्या ठिणग्या आणि दिव्यांची प्रभावळ?

ठिणगीचे टोक पावसाच्या रेघेसारखेच असते. फक्त तिची दोन्ही टोके निमुळती असतात आणि पुढे एखादा लहान फाटा फुटलेला असतो. कोनाचे नियंत्रण ‘डायरेक्शन’वर ठेवले की ठिणगी हाताच्या दिशेने वळते, मग मध्यापासून बाहेर छोटे झटके द्यावेत. खरे काम लेअरच्या ब्लेंडिंग मोडचे, म्हणजे तो थर खालच्या थरात कसा मिसळावा हे ठरवणाऱ्या सोयीचे आहे. ‘स्क्रीन’ किंवा ‘लिनिअर डॉज’ ठेवल्यास एकमेकांवर पडलेल्या ठिणग्या उजळत जातात. म्हणून रंग पिवळा न घेता गडद नारिंगी घ्यावा. जेथे गर्दी होईल तेथे तो आपोआप पिवळसर आणि पुढे पांढरा होतो. सुरुवातीलाच पांढरा घेतला, तर उजळायला जागाच उरत नाही.

पोत टोकात घ्यावा की ‘टेक्स्चर’मध्ये?

टोकातील पोत ठशाबरोबर फिरतो आणि सरकतो. ‘टेक्स्चर’मधील पोत सहसा कागदासारखा जागच्या जागी राहतो. भिंत, कागद, कापड यांसाठी दुसरा मार्गच योग्य आहे. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा एखादा खरखरीत कागद बाजूने येणाऱ्या सकाळच्या उन्हात टिपला, की खडूच्या किंवा कोरड्या रंगाच्या ब्रशसाठी उत्तम पोत मिळतो. १७३२ साली बांधून झालेल्या शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड आणि वर वीट आहे. काही पावलांच्या अंतरात दोन अगदी वेगळे पोत तेथे सापडतात. दुपारी बाराच्या उन्हात मात्र सावल्या नाहीशा होतात आणि भिंत सपाट दिसते, म्हणून वेळ पाहून जावे.

पोत सलग पसरण्यासाठी त्याच्या कडा एकमेकींशी जुळाव्या लागतात. ‘ऑफसेट’ फिल्टरने प्रतिमा अर्धी सरकवली की सांधे मध्यभागी येतात. ते क्लोन स्टँपने (चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने) बुजवून मग ‘डिफाइन पॅटर्न’ करावे.

रेघ सलग येत नाही, मण्यांची माळ दिसते.

स्पेसिंग जास्त आहे. नेहमीचे मूल्य २५ टक्के असते. सलग रेघेसाठी ते १० टक्क्यांच्या खाली आणावे.

ओपॅसिटी आणि फ्लो यांत फरक काय?

ओपॅसिटी ही एका फटकाऱ्याची कमाल मर्यादा आहे; पेन न उचलता त्याच जागी कितीही वेळा फिरवले, तरी रंग तिच्या पुढे जात नाही. फ्लो म्हणजे प्रत्येक ठशातून किती रंग पडावा. तो कमी असला तर त्याच फटकाऱ्यात रंग हळूहळू साचत जातो. धूर, धुके, धुरळा यांसाठी ओपॅसिटी १०० टक्के आणि फ्लो अगदी कमी, हे जवळजवळ नेहमीच चांगले चालते.

ब्रश रंगीत करता येतो का?

फोटोशॉपमध्ये टोक करडेच राहते. ‘कलर डायनॅमिक्स’मध्ये पुढील व मागील रंगांचा जिटर देऊन आणि तो प्रत्येक ठशाला लागू करून रंगांची सरमिसळ साधता येते, झेंडूच्या पाकळ्यांसाठी पिवळा व केशरी हे दोन रंग पुरतात. गिंपमध्ये पारदर्शकतेसह रंगीत प्रतिमेचा जीबीआर ब्रश केला, तर त्यातील रंग जसेच्या तसे उमटतात. प्रोक्रिएट वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी : तेथे टोकाच्या प्रतिमेतील पांढरा भाग उमटतो आणि काळा भाग पारदर्शक राहतो, म्हणजे वर सांगितलेले उलट करण्याचे काम तेथे करावे लागत नाही.

पेन टॅब्लेट नसताना माउसने काम होईल का?

कण, पाने, पाऊस आणि धुके यांचे बहुतेक काम माउसने होते, कारण त्यांतील बदल जिटरवर चालतो, दाबावर नाही. निमुळती होत जाणारी रेघ हवी असेल, तर आकाराच्या नियंत्रणात ‘फेड’ निवडून किती ठशांनंतर ती संपावी, ते सांगता येते. किंवा पेन टूलने मार्ग आखून ‘स्ट्रोक पाथ’मध्ये ‘सिम्युलेट प्रेशर’ निवडावे. केस, गवत, सुलेखन यांसाठी मात्र टॅब्लेट घ्यावाच; लहान आणि स्वस्त असला तरी चालतो.

देवनागरी सुलेखनासाठी बोरूसारखा ब्रश कसा करावा?

कडक गोल टोक घेऊन त्याचा ‘राउंडनेस’ १५ ते २० टक्के करावा, स्पेसिंग १ ते ३ टक्के ठेवावे आणि सर्व जिटर बंद करावेत. महत्त्वाचा आहे तो कोन. रोमन लिपीसाठी केलेल्या तयार सुलेखन-ब्रशचा कोन देवनागरीच्या उलट असतो, आणि त्यामुळेच त्यांनी लिहिलेल्या ‘त’ किंवा ‘व’ यांची जाडी भलत्याच ठिकाणी जाते. देवनागरीसाठी कोन उणे ४५ अंशांच्या आसपास ठेवावा, म्हणजे टोकाची धार डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशी तिरपी राहील. कोन दाबाला किंवा दिशेला जोडू नये. बोरू हातात फिरत नाही. शाई सुकत आल्याचा भास हवा असेल, तर हातकागदाचा पोत अगदी थोड्या प्रमाणात जोडावा. शिरोरेषा शेवटी, एका दमात ओढावी.

ब्रश दुसऱ्या संगणकावर कसा न्यावा?

ब्रशच्या पॅनेलमध्ये हवे ते ब्रश निवडून ‘एक्स्पोर्ट सिलेक्टेड ब्रशेस’ दिले की एबीआर फाइल तयार होते. संस्थेच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी ती दर दिवशी स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यावी, कारण सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज कोणी मूळपदावर आणल्या, तर जतन न केलेले ब्रश परत मिळत नाहीत. गिंप एबीआर फाइल उघडते, परंतु तीतील टोकाची प्रतिमाच घेते. विखुरणे, जिटर, दुहेरी ब्रश हे सगळे तेथे नव्याने बसवावे लागते. प्रोक्रिएटमध्येही एबीआर आणता येते, मात्र ब्रश थोडा वेगळा वागतो. म्हणून टोकाची मूळ प्रतिमा पीएनजी किंवा पीएसडी स्वरूपात वेगळी ठेवावी आणि नियमांचे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. फाइलला ‘नवीन ब्रश फायनल २’ असे नाव देणाऱ्यांना वर्षभराने काय सोसावे लागते, ते आम्ही पाहिले आहे.

दुसऱ्याच्या छायाचित्रातून ब्रश काढला तर चालेल का?

छायाचित्र ही कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये संरक्षित कृती आहे, आणि तिचा तुकडा करडा केल्याने तिच्यावरील हक्क संपत नाही. विकत घेतलेला ब्रश चित्रात वापरण्याची परवानगी असली, तरी तोच ब्रश पुन्हा विकण्याची किंवा वाटण्याची नसू शकते. परवान्यातील अटी वाचाव्यात. रांगोळी, काळा कागद आणि मोबाइल एवढ्या सामग्रीत काम होत असताना हा धोका पत्करण्याचे कारणही नाही.

मोठा ब्रश ओढताना संगणक अडकतो. उपाय काय?

आधी स्पेसिंग वाढवावे. १५०० पिक्सेलच्या धुक्याच्या ब्रशला ५ टक्के स्पेसिंग ठेवले, तर एका फटकाऱ्यात प्रचंड मोठे ठसे अनावश्यक संख्येने मोजावे लागतात. २५ ते ३० टक्क्यांवरही धुके तितकेच मऊ दिसते. दुहेरी ब्रश आणि पोत गरज नसल्यास बंद करावेत, आणि ‘स्मूदिंग’ शून्यावर आणावे, कारण कण-धुरळ्याच्या ब्रशला त्याचा काहीच उपयोग नसतो. इतके करूनही काम अडखळत असेल, तर धुके व धुरळा निम्म्या आकाराच्या वेगळ्या फाइलमध्ये रंगवून मोठे करून आणावेत. या परिणामांना तीक्ष्ण कडा नसल्याने मोठे केल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. कणांच्या बाबतीत मात्र ही युक्ती वापरू नये.